नाल्याकाठची दवंडी

दवंडीवाल्या सहदेवाचा आवाज म्हणजे काय सांगू महाराजा! त्यानं डफड्यावर थाप मारली, की बाजारातल्या बायाही भाव करायच्या थांबायच्या. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झालेली. नगरपालिकेनं नव्या रस्त्याचा नकाशा काढला अन् लोकांचं म्हणणं मागवलं.

"ऐका हो! ज्याची हरकत असन, त्यानं पंधरा दिवसांत लिहून द्यावं!"

सहदेवानं पेठ, वेस, मोमीनपुरा, सारं पालथं घातलं. उरली त्याची स्वतःची, नाल्याकाठची गल्ली. तिथं त्याच सकाळी रंगराव वारला होता. मयत झालेल्या गल्लीत तेरवीपर्यंत, म्हणजे तेरा दिवस, डफडं वाजवत नाहीत. सहदेव गुमान घरी आला.

चौथ्या दिवशी मोजणीवाले साखळी ओढत आले अन् भिंतींवर गेरूच्या फुल्या मारून गेले. सहदेवाला कळून चुकलं. रस्ता इथूनच जाणार! रंगरावच्या दारावरही फुली होती, अन् आत त्याची बायको मनकर्णाबाई कोपरा धरून बसलेली.

"सहदेवभाऊ, हे निशान कायचे?" शेजारच्या कय्यूम शिंप्यानं विचारलं.

"तेरवी होऊ दे, सांगतो." अन् मनाशी म्हणाला, "सुतकातल्या बाईले घर जाईन म्हून कसं सांगू? मंगही दोन दिवस उरतात."

अरे भल्या माणसा, तेव्हाच बोलायचं होतंस! पण तो बोटांवर दिवस मोजत राहिला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नऊ घरांचे अंगठे घेऊन तो कचेरीत गेला. बाबूनं अर्ज हातातही घेतला नाही.

"मुदत काल सरली."

"साहेब, म्या दवंडी देल्ली त्याले पंधरा दिवस कुठी झाले?"

"दिवस दवंडीपासून नाही मोजत. कागद कचेरीच्या फळ्यावर लागला तेव्हापासून मोजतात. तो तीन दिवस आधीच लागला होता."

त्या फळ्याखाली सहदेव रोज बिडी ओढायचा. त्याला वाचता येत नव्हतं. अर्ज परतला, हे त्यानं गल्लीत कुणालाच सांगितलं नाही.

पावसाळा सरल्यावर नवा हुकूम आला, आठ दिवसांत घरं खाली करा. या वेळी दवंडी द्यायची होती ती एकाच गल्लीत. सहदेवानं डफडं शेकून ताणलं, नाल्याकाठी उभा राहिला अन् थाप मारली.

मनकर्णाबाई लगबगीनं उंबऱ्यात आली.

"बरं केलं भाऊ, वाजवलं. लय दिवस गल्ली सुनी होती. सांगा, काय आहे?"