देवकाबाईंचा चिन्नोर

सानगडीच्या देवकाबाईंची चंद्रकांता १९८२ साली बी.एस्सी. झाली, तीही जेमतेम पंचावन्न टक्क्यांनी. तरी तिला नागपूरला एम.एस्सी. करायचं होतं. प्रवेश परीक्षेत तिनं चांगले गुण मिळवले. शिवाय आपल्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानावर पडणाऱ्या खोडकिडीबद्दल तिथल्या प्राध्यापकांना दोन लांबलचक पत्रंही लिहिली. उरली होती फक्त मुलाखत.

"वयनी, पत्रानं का होते? सायबाले काही तरी न्या लागते," धाकटे दीर टिकाराम म्हणाले. देवकाबाईंना ते पटलं. त्यांनी दोन पायल्या चिन्नोर तांदूळ पिशवीत भरून तोंडाशी घट्ट गाठ मारली.

"आई, तू मले लाज आणशील," चंद्रकांता एसटीत सारखी कुरकुरत होती.

प्राध्यापकांनी आधी परीक्षेचे गुण पाहिले. मग ती पत्रं पुढ्यात घेऊन अर्धा तास तिला किडीबद्दलच खोदून खोदून विचारलं. शेवटी बाहेर येऊन ते देवकाबाईंना म्हणाले, "पोरीला घेतलं आम्ही. माझ्याच हाताखाली काम करेल. तांदूळ मात्र घरी न्या, बाई."

दुसऱ्या दिवशी टिकाराम हसत हसत अंगणात आले. "पोरगी लागली म्हणे. तांदूळ कामी आला ना?"

देवकाबाईंनी पिशवी आणून त्यांच्या हातात ठेवली.

"गाठ पाहून घ्या, भाऊजी. माह्याच हातची हाये. एक दाना गेला नाई." मग देवकाबाईंनी स्वतःच ती गाठ सोडली आणि सूप पुढं ओढलं. "आता बसा. याचाच भात खाऊन जा."