मुदतीपुरती खुर्ची

सरकारने माझ्याविषयी एकदा लेखी मत दिलं होतं: ‘सहकाऱ्यांत मिसळत नाहीत. स्वभाव एकलकोंडा.’ ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होते आणि वर्षाच्या गोपनीय अहवालात साहेबांनी हा शेरा मारला होता. त्यापायी माझी बढती अडली. माझ्यामागून नोकरीला लागलेली बाई वरिष्ठ लिपिक झाली आणि तिचे पेढे शिपायाच्या हातून माझ्याकडे बाकावर आले.

बाकावर, कारण मी जेवायला तिथेच बसत असे. मी वेसाव्याची, कोळ्याची मुलगी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी डब्यात सुकट नेली, तर टेबलाभोवतीच्या दोघीतिघींनी नाकाला पदर लावला. भांडलं कुणी नाही, उलट सगळे फार गोड बोलले. हेडक्लार्क म्हणाले, बाहेर रेकॉर्डरूमपाशी बाक आहे, तिथे वारा छान येतो. मी गेले वारा खायला. पुढे महिनाभर मुद्दाम भेंडी-बटाटा नेला आणि पुन्हा टेबलापाशी उभी राहिले, तेव्हा एकीने सांगितलं की वास डब्यालाच आहे. मी नवा डबा घेतला. मग वास नेमका कशाला आहे हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्षानुवर्षं मी त्या बाकावर जेवले, आणि ज्यांनी मला बाहेर बसवलं त्यांनीच साहेबांना सांगितलं की ही कुणात मिसळत नाही.

शेरा मला कळवणाऱ्या पत्राखाली एक ओळ होती. हरकत असल्यास पत्र मिळाल्यापासून दीड महिन्याच्या आत वरच्या कार्यालयाकडे अपील करावे, नंतर आलेल्या अपिलाचा विचार होणार नाही. अपील मी एका रविवारी लिहूनही काढलं. बाक, डबा, नाकावरचे पदर, काही सोडलं नाही. घोडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. अपील ‘योग्य मार्गाने’ जावं लागतं, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हातून. म्हणून मी आधी हेडक्लार्कना विचारायला गेले.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. अपिलाने चौकशी लागते, माणसं तुटतात, असं बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, “अहो बाई, कागद कशाला रंगवताय? उद्यापासून आत बसा ना जेवायला. मिसळताय असं दिसलं की शेरा पुढच्या वर्षी आपोआप जाईल.”

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी खरंच एक जादा खुर्ची होती.

आज हे सांगताना मला स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा मला फार सुख झालं. कुणाचं लिंबाचं लोणचं, कुणाच्या सासूच्या कागाळ्या, साहेबांच्या चालण्याची नक्कल. बोरिवलीहून येणारी एक टायपिस्ट होती, माझ्याच वयाची. तिने न विचारता अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. मी किती एकटी होते हे मला बाकावर कधी कळलं नव्हतं. ते त्या टेबलापाशी बसल्यावर कळलं.

घरी आई बघत होती. ती बाजारात मासळी विकायची आणि मी रोज पहाटे भेंडी चिरत बसायचे. एकदा ती म्हणाली, “दुसऱ्यांचा डबा किती दिस नेशील? आपली सुकट काय वायट हाय?” मी तिच्यावर खेकसले. अपील फळीवर पावडरच्या डब्याखाली पडून होतं. मुदत मला पाठ होती. रोज वाटायचं, उद्या देऊ. आणि रोज हेही वाटायचं की दिलं की ही खुर्ची जाईल. हेडक्लार्क अधूनमधून हसत विचारायचे, मग काय ठरलं? मी नुसती मान हलवायचे.

मुदतीचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा नारळीपौर्णिमाही जवळ आली होती. मला हुरूप आला आणि मी टेबलावरच सगळ्यांना घरी बोलावलं. सगळं गोडाचंच असतं, करंज्या, नारळाच्या वड्या, काळजी करू नका, असंही वर सांगितलं. सगळे हो हो म्हणाले. टायपिस्टने बोटांवर दिवस मोजले आणि सहज बोलून गेली, “म्हणजे तोवर तुमची मुदत संपलेली असेल.”

तिने लगेच जीभ चावली. बाकीच्यांनी आपापल्या डब्यात माना घातल्या. मुदतीचं मी हेडक्लार्कखेरीज कुणाजवळ बोलले नव्हते. पण टेबलावरच्या सगळ्यांना तारीख माहीत होती. खुर्ची कधी उचलायची ते ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अपील आवक टेबलावर दिलं आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. दुपारी आत गेले, तर माझ्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा ठेवलेला. मी डबा घेऊन बाकावर गेले. आईने त्या दिवशी न विचारता सुकट भरून दिली होती. मला सुकटीची चव लागली नाही.

तरी नारळीपौर्णिमेला मी करंज्या जास्तीच्या केल्या. निदान टायपिस्ट तरी येईल असं मला वाटत होतं. दिवेलागण झाली तशी आईने त्या शेजारी वाटून टाकल्या.

निकाल यायला दोन वर्षं लागली. बाकाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘शेऱ्यास पुरेसा आधार नसल्याने तो काढून टाकण्यात येत आहे’ एवढंच होतं. बढती मिळाली आणि मुलुंडच्या कार्यालयात बदली झाली. पहिल्याच दुपारी तिथल्या बायकांनी खुर्ची सरकवून मला हाक मारली. त्यातली घाटकोपरची एक माझ्या डब्यात डोकावून म्हणाली, “सुकट ना गं? आण इकडे, मला जाम आवडते.”

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती, हे आज मला कळतं. तेव्हा मी मनात हिशेब करत होते की हिला माझ्याकडून काय हवंय आणि कधीपर्यंत. बाहेर वारा छान येतो, असं सांगून मी झाकण लावलं आणि जिन्यापाशी जाऊन एकटी जेवले. शेरा खोटा ठरल्याचा सरकारी कागद तेव्हा माझ्या पर्समध्येच होता.