कोपऱ्यातला नंबर

अहेरीच्या उर्वशी कोडापेनं दाखल्यांच्या अर्जात गावांची नावं आपोआप भरणारं ब्राउझर एक्स्टेंशन बनवलं होतं. एटापल्लीत सुकलूभाऊ त्यावर लोकांचे अर्ज भरायचे. तिकडं नेट धड चालत नाही, म्हणून प्रत्येक नवं व्हर्जन पेनड्राइव्हवर, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जायचं.

“टाकलं, ताई. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात व्हर्जनचा नंबर १.२च दिसून राह्यलं,” सुकलूभाऊंचा फोन आला.

“मी तर १.३ पाठवलं. तुमचंच चुकून राह्यलं, भाऊ. काढा न् पुन्हा टाका.”

पेनड्राइव्ह तीनदा गेला. तिसऱ्यांदा ती फोनवर ओरडलीच.

मग तिनं आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. तिथंही १.२. एक्स्टेंशनची नाव-नंबर अशी माहिती ज्यात असते, त्या मॅनिफेस्ट फाइलीतला नंबर ती प्रत्येक नव्या व्हर्जनला बदलायची. कोपऱ्यातला मात्र तिनं कधीतरी कोडमध्ये हातानं लिहिला होता, तो तसाच राहिला होता. तिनं तो खोडला. एक्स्टेंशननं चालू होताना स्वतःच्या मॅनिफेस्टमधूनच नंबर वाचून दाखवावा, अशी एक ओळ लिहिली, व्हर्जन १.४ केलं आणि चौथ्यांदा पेनड्राइव्ह पाठवला.

“१.४ आलं, ताई!” सुकलूभाऊ खुशीत होते. “आता जमलं मले. आधी मीच चुकत होतो.”

“असू द्या, भाऊ,” उर्वशी म्हणाली.