बूट काढून जुन्या वाटेनं

फौजेतनं परत आलेल्या माणसाजवळ किस्से कडब्याच्या गंजीसारखे साचतात. एक पेंढी ओढली की वरच्या दहा अंगावर येतात! लढाईचे सांगितले तर लोक जांभया देतात. म्हणून विलायतेतल्या एका रपेटीचे सांगतो.

जर्मनाच्या कैदेतनं सुटलो, तर सरकारनं आम्हाला विलायतेच्या छावणीत नेऊन ठेवलं. तिथल्या डॉक्टरसाहेबानं हुकूम सोडला, "कल पुराने रास्ते पर चलेगा. जो लंगडायेगा, अस्पताल. बाकी पहली बोट से घर!"

मेढ्याच्या म्हादूचं तोंड उतरलं. कैदेतल्या थंडीनं त्याचे पाय सुजलेले. गावी पोरगी चालाय-बोलाय लागलेली, बापानं तिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं.

सरकारची माया बघा. मराय पाठवताना पाय कुणी तपासले नव्हते!

* * *

रस्ता म्हणजे गवतातली चाकोरी. साहेब छाती फुगवून म्हणाला, "दो हजार साल पुराना!"

मिरजेचा बाबालाल फौजेत लॉरी चालवायचा. तो माझ्या कानाला लागला, "एवढ्या सालांत खडी टाकाय कुनाला सवड गावली न्हाई व्हय रं?"

* * *

पुढं झाडांना पालवी, गवतात पिवळी फुलं. साहेब एकदम ओरडला, "स्प्रिंग! लवली स्प्रिंग!"

बाबालाल वाकून गवत चाचपाय लागला. "लॉरीची आसंल. कुठं पडलीया?"

वसंताला त्यांच्यात स्प्रिंग म्हणतात, हे आम्हाला कोण सांगणार!

* * *

साहेबानं मला विचारलं, "तुम्हारे मुल्क में ऐसा पुराना रास्ता है?"

म्हटलं, "साब, नया कौनसा है?"

* * *

निम्म्या वाटेवर म्हादू थांबला. "गड्या, बूट लय चावतोय. आता लंगडनार बग मी."

"मग काढ की!"

त्यानं बूट काढून गळ्यात अडकवले आणि गारगोट्यांवरनं तरातरा चालाय लागला.

साहेबानं डोळे वटारले. "जूता क्यों निकाला?"

मी दिलं ठोकून, "साब, बाप-दादा का रास्ता. इस पर जूता कैसे रखेगा?"

साहेब गहिवरला! खाली बसला, स्वतःचे बूट-मोजे काढले आणि निघाला आमच्याबरोबर.

छावणीच्या फाटकाशी मी आणि बाबालाल कधीचे पोचलो. साहेब मागनं लंगडत येत होता, विस्तवावर पाय टाकल्यासारखा. म्हादूनं त्याला बगलेत धरलेलं. जवळ आल्यावर म्हादू मला म्हणाला, "इचार की रं सायबास्नी, दवाखान्यात किती दिस ऱ्हानार?"