मामूंची विलायतेतली निवडणूक

इंग्लंडचा कारभार लंडनहून चालतो, असं मला शाळेत शिकवलं होतं. प्रत्यक्षात तो दुबईच्या खाडीकाठच्या एका गोदामातून चालतो, हे मला मामूंना भेटल्यावर कळलं. मामू रत्नागिरीकडचे. एका इंग्रजी व्यापारी कंपनीच्या गोदामाचे ते स्टोअरकीपर होते आणि मी त्याच कंपनीत नवा कारकून. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. मला ही नोकरी लावून दिली मामूंनी, त्यांच्या खोलीत चटईपुरती जागा दिली तीही मामूंनीच. त्यामुळे मी बी.ए. झालो तो त्यांना रोज संध्याकाळी इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवण्यासाठीच, अशी त्यांची समजूत होती, आणि ती चुकीची आहे असं म्हणायची मला कधी इच्छा झाली नाही.

मामूंच्या अंगात स्वस्थपणा नावालाही नव्हता. चहा ते चालता चालता पीत. जेवताना मध्येच उठून गोदामाचं कुलूप ओढून पाहून येत. खाडी ओलांडताना अब्र्यात, म्हणजे त्या छोट्या होडीत, सगळे मुकाट बसलेले असत आणि मामू मधोमध उभे राहून पलीकडचा किनारा लवकर येतो का ते बघत. होडीवाला ओरडायचा, "बैठो हबीबी, बैठो! सबको डुबायेगा!" मामू म्हणायचे, "तू चला ना रे. मी बसलो म्हणून काय तुझी होडी पळणार आहे?"

अशा माणसाच्या नशिबी एक महिना जुनं वर्तमानपत्र यावं, ही खरी गंमत. आमच्या साहेबाच्या गावी संध्याकाळचं एक वर्तमानपत्र निघे. त्याची बहीण महिनाभराचे अंक सुतळीने बांधून विमानाने पाठवी. साहेब रोज दहाच्या चहाबरोबर त्यातला एकच अंक उघडी, मागच्या महिन्यातला बरोबर त्याच तारखेचा. वाचून झाला की तो मामूंकडे येई. त्या गिरण्यांच्या गावात मामूंचा धाकटा भाऊ होता. साहेबाच्याच शिफारशीवर तो तिकडच्या गिरणीत लागला आणि तिथेच राहिला. म्हणून मामूंना त्या न पाहिलेल्या गावातली गल्लीन् गल्ली पाठ होती. वाचनालयाचं छप्पर गळतं, कचऱ्याची गाडी टेकडीवर चढत नाही, बसथांब्यावर आडोसा नाही, यावर ते गोदामात तावातावाने बोलत. ज्या गावात आम्ही गाढवाच्या पाठीवरून आलेलं पाणी डब्याने घेत होतो, तिथे उभं राहून ते साहेबाला विचारत, "साब, आपके गाँव में बस-स्टॉप का क्या हुआ? पब्लिक भीगता है!" साहेब खजील होऊन म्हणायचा, "होगा मामू, इन्शाल्ला होगा."

मग एका वर्षी त्या बसथांब्यासाठी धाकटाच डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला, त्याच्या वॉर्डातल्या एका बेकरीवाल्याच्या विरुद्ध. त्याने मामूंना कळवलं की निवडून आलो तर इथेच घर घेतो, पडलो तर सगळं आवरून तुझ्याकडे येतो, आपण शारजात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान काढू. त्या दिवसापासून मामूंचे दोन मामू झाले. सकाळचे मामू धाकट्याच्या विजयासाठी दुवा मागत. संध्याकाळचे मामू बाजारातून त्याच्यासाठी खाट घेऊन आले. मग गादी आली, मग उशी. त्या खाटेवर कोणाला टेकू देत नसत. मी एकदा नुसता टॉवेल ठेवला तर म्हणाले, "ग्रॅज्युएट, ती रिझर्व्ड आहे."

मतदान कसं होतं हे कळावं म्हणून त्यांनी गोदामात रंगीत तालीमही घेतली. दोन डबे मांडले, एक धाकट्याचा आणि एक बेकरीवाल्याचा, आणि हमालांच्या हातात खजुराची एकेक बी दिली. पठाण हमालांनी आपल्या पदरच्या आणखी बिया घालून दोन्ही डबे सारखे भरले. मामू भडकले. हमालांचा मुकादम शांतपणे म्हणाला, "मामू, दोनों अच्छे आदमी होंगे. किसी का दिल क्यों तोड़ना?"

मतदान मे महिन्यात झालं. पत्र लिहायचा धाकट्याला मुळातच आळस. निकालाची तारही आली नाही, कारण तार पाठवायला मामूंनीच बंदी केली होती. आमच्या गावाकडे तार येते ती मयताची. त्यांचे वडील गेल्याचं तारेनंच कळलं होतं. धाकट्याला विलायतेच्या बोटीवर चढवताना त्यांनी शपथ घातली होती, "काही झालं तरी तार करायची नाही." आता धाकटा शपथ पाळत होता आणि मामू जळत्या वाळूवर उभे असल्यासारखे दिवस काढत होते.

जूनच्या सुरुवातीला गठ्ठा आला. पोस्टातून तो मामूंनीच खांद्यावरून आणला. निकाल त्यांच्या खांद्यावर होता, पण साहेबाची सुतळी सोडायची नाही म्हणजे नाही. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विनवलं, "साब, एक ही पेपर आगे का..."

साहेब म्हणाला, "मामू, आगे का आज पढ़ लिया तो बाकी दिन मैं इधर क्या पढ़ेगा? इलेक्शन भागेगा नहीं."

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची बरीच पानं एकदम फाटलेली निघाली. साहेबाने एकदा कॅलेंडरकडे, एकदा दारात घुटमळणाऱ्या मामूंकडे पाहिलं आणि बरोबर खऱ्या तारखेचाच अंक उघडला.

तो दिवस अखेर आला. दमट हवेने सदरे पाठीला चिकटले होते. मामू व्हरांड्यात इकडून तिकडे फिरत होते. पहिल्या पानावरची जाहिरातही न चुकवणाऱ्या साहेबाने त्या दिवशी चहाला हात लावला नाही. सरळ आतलं पान काढलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "तुम पढ़ो."

मी वाचलं. धाकटा निवडून आला होता.

"परत वाच," मामू म्हणाले.

मी परत वाचलं.

"आणि बेकरीवाला?"

"थोडक्या मतांनी पडला, मामू."

"बिचारा," मामू म्हणाले. मग एकदम ओरडले, "यल्ला! बकरा आणा! साब, आप भी खाना!"

संध्याकाळी गोदामामागे सगळे जेवले. मामू वाढत होते, पळत होते, प्रत्येकाला बसथांब्याचा नकाशा वाळूत काढून दाखवत होते. जेवणं आटोपल्यावर मी खोलीत आलो तर मामू त्या खाटेच्या कडेला बसले होते. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते. इतकं स्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"चटईवर पाठ दुखत असेल ना तुझी?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामू."

"दुखते. झोपेत कण्हतोस. आजपासून इथे झोप. कापूस चांगला आहे गादीत." उठून त्यांनी उशी दोनदा थोपटली आणि कुलूप ओढून बघायला निघून गेले.

पुढच्या वर्षी कधीतरी वाचून दाखवता दाखवता मला एक बारीक बातमी सापडली. टेकडीवरच्या बसथांब्याला छप्पर झालं होतं. मामूंनी येरझारा थांबवल्या. खिडकीबाहेर नेहमीचं कोरडं, पांढरं आकाश होतं. तिकडे बघत ते म्हणाले, "बरं झालं. पोरगा आता भिजायचा नाही."