सिनेमातल्या बाईने मत कोणाला दिलं?

मंडळी, आज दुपारी सुरतेच्या नवागाममध्ये माझ्या घरी गल्लीतल्या बायकांना एक तुर्की सिनेमा दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी मराठीत मोठ्याने सांगत होते आणि मध्ये बोलणारीला गप्प बसवत होते.

गोष्ट साधी होती. परदेशात शिवणकाम करणारी एक बाई गावच्या निवडणुकीत मत द्यायला उमेदवाराने पाठवलेल्या गाडीतून सीमा ओलांडून येते. शेवटी ती मतदान केंद्राच्या दारातून आत जाते आणि सिनेमा संपतो.

बायका चिडल्या. “मंग तिनी मत कोनले दिधं?”

“ते दाखवलेलं नाही,” मी म्हटलं.

“जेनी गाडी धाडी तेलेच,” शेजारची कमल म्हणाली. “परत येवाले बी तेनीच गाडी लागस ना.”

सगळ्या हसल्या. मग कमल उठून रिकामे कप गोळा करू लागली. धुळ्याकडच्या तिच्या गावात परवा सरपंचाची निवडणूक आहे. तिचा दीर उभा आहे, आणि त्याच्याविरुद्ध उभी असलेली बाई कमलची जुनी मैत्रीण आहे. उद्या सकाळी दिराची जीप कमलला न्यायला आमच्या गल्लीत येणार आहे.

चहाचे कप विसळताना तिने हळूच विचारलं, “ताई, धुळानी पहिली बस कितला वाजता शे?”

मी वेळ सांगितली. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. सुरतेहून गावी मत द्यायला जाणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्ही परत कोणाच्या गाडीने येता?