ओल्या गोदामातलं मटण

"इचं दूध बंद केलं आमी," हमीदाची सासू दारातच बोलली. "पोराले बकरीचं दूध देऊन राहिलो. झोपावं म्हणून अफूचं बोट चाटवलं."

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली दाई. हमीदाचं बाळंतपण मीच केलं होतं. पोरगं चांगलं गुटगुटीत होतं. आता पाहिलं त डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. माह्या अंगाची लाही लाही झाली.

"अफू? कोणाले विचारून?"

"मंग काय करू? सून ओकून राहिली, हगवण लागली. इच्या माहेरून खारं मटण आलं ना, तेच खाल्लं. जहर दुधात उतरलं असन. इच्या मायनं माह्या नातवाले मारायलेच धाडलं ते!"

आत हमीदा भिंतीले टेकून बसली होती. छाती दगडासारखी घट्ट, चोळी दुधानं भिजलेली. मायले नावं ठेवलेली ऐकून ढसाढसा रडत होती.

खारं मटण म्हणजे बोकडाच्या मटणाच्या पट्ट्या, मीठ-हळद चोळून उन्हात कडक वाळवलेल्या. हमीदाच्या माहेराहून, भातकुलीहून, आलं तवा ते मी हातात घेऊन पाहिलं होतं. काडीवानी मोडत होतं. हमीदाले मीच सांगितलं होतं, भिजवून खारं पाणी फेकून दे, पुरतं शिजव, थोडंच खा, वरून पाणी भरपूर पी. असं खाल्लं त पाजणाऱ्या बाईले काही होत नाही.

"उरलेलं दाखवा," मी म्हटलं.

सासूनं आणलं. पट्ट्या लिबलिबीत झालेल्या, बुरशी धरलेली, वरून कापसाचे तंतू चिकटलेले. आंबूस वास नाकात बसला.

"खाला, हे टांगलं कुठं होतं?" मी सासूले विचारलं.

हमीदाचा नवरा करीम शेजारच्याच कापसाच्या गोदामात हमाल. तो पुढं झाला. "गोदामात. अंगणात शेठचा कापूस, छपरावर कापूस. दुसरी जागा कुठं हाय?"

त्या साली कापसाले सोन्याचा भाव होता. गाठ जड भरावी म्हणून गोदामात कापसावर पाणी मारत. साऱ्या गावाले माहीत, बोलत कोणी नव्हतं.

"पाणी कोण मारते रे तिथं?"

करीमनं मान खाली घातली. "मीच. शेठचा हुकूम हाय."

"वा रे शहाण्या! ओल्या गोदामात मटण तू टांगलं, नासलेलं बायकोच्या ताटात आलं, अन् बोल लावला तिच्या मायले?"

मी पोरगं उचलून हमीदाच्या छातीशी नेलं. सासूनं मधात हात घातला.

"हात काढा, खाला! नासलं ते तिच्या पोटात गेलं, पोटातूनच निघून राहिलं. दुधात नाही गेलं. तुमच्या अफूनं मात्र हे पोरगं जाईन!"

अफूच्या गुंगीत ते तोंडच उघडेना. तळपाय चोळले, दुधाचे थेंब ओठावर पिळले. कितीक वेळानं त्यानं चोखायले सुरुवात केली. सासू खाटेवर बसली अन् हमसून हमसून रडली. मले तिची दया आली नाही, खरं सांगते.

हमीदाले पातळ पेज दिली, पाणी पाजत राहिली. पोराले घ्यायच्या आधी हात राखेनं घासून धुवायले लावले. मायलेकरं दोघंही वाचली.

मंग शेठचा मुनीम माह्या दारात आला. "दाई, मटण नासलं एवढंच सांगत जा. ओल्या कापसाचं नाव कायले घेतं?"

"तुमच्या शेठची लबाडी झाकाले मी हमीदाच्या मायले बट्टा लावू? निघा इथून!"

शेठच्या सुनेच्या बाळंतपणाले मले बोलावलं नाही. करीम अजूनही पाणी मारून राहिला.

पाजणारी बाई आजारी पडली की तिनं काय खाल्लं हे सारेच विचारतात. ते ठेवलं कुठं होतं, हे मी विचारते. अन् दूध बंद करा म्हणणाऱ्याले आधी खोलीबाहेर काढते.